घरी परत आलेला आकडा

मंगळवार, ११ फेब्रुवारी. दूध सव्वासातला आलं. साखरेच्या डब्यात पुन्हा मुंग्या. झाकण सैल झालं आहे. बाल्कनीतल्या दोरीची गाठ सुटली होती, बांधली. बाराच्या टपालाने वन्संना तारांगणातून पत्र आलं, वाचून दाखवलं. वन्संनी दुपारचा चहा अर्धा ठेवला.

वहिनींच्या डायरीत त्या दिवसाबद्दल इतकंच आहे. शाळेतल्या सिस्टरनी डायरीची सवय लावताना एक शिस्त घालून दिली होती: जे झालं ते लिहायचं, जे वाटलं ते देवाला सांगायचं. वहिनींनी ती शिस्त अठ्ठावन्न वर्षं पाळली. म्हणून त्या पानावर हे कुठेच नाही की वन्संनी चहा अर्धा ठेवल्याचं त्यांनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि कप विसळताना त्यांचा हात थांबला.

वन्सं म्हणजे वहिनींच्या यजमानांची थोरली बहीण. वय एक्याऐंशी, लग्न केलं नाही, पाठ अजून फूटपट्टीसारखी ताठ. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत या दोघीच. वन्संच्या डोळ्यांची मधली नजर गेली आहे, कडेची शाबूत आहे. समोर बसलेल्याचा चेहरा त्यांना दिसत नाही, पण त्याच्या मागचं कॅलेंडर दिसतं. बऱ्याच माणसांच्या बाबतीत हे सोयीचंच आहे, असं त्या स्वतःच सांगतात. वाचणं मात्र सुटलं. वर्तमानपत्र, औषधांची चिठ्ठी, विजेचं बिल, सगळं वहिनी वाचतात आणि वन्सं ऐकतात, आणि वहिनींचे उच्चार सुधारतात.

वहिनी लग्न होऊन या घरात आल्या, त्याच्या दुसऱ्याच दिवशी वन्संनी त्यांना दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं होतं. वहिनींचाच हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, दोरीने मापून घेतला आणि ती दोरी टाचेपासून डोक्यापर्यंत लावत नेली. साडेतीन वेळा बसली. "साडेतीन हात," वन्सं म्हणाल्या. "बरोबर आहे. माणूसच आणलंय." नवी नवरी रडावं की हसावं या विचारात असताना दीर आणि सासरे खो खो हसले, आणि वहिनींना कळलं की या घरात कौतुक असंच होतं.

वन्सं जमीन मोजणीच्या कचेरीत रूपांतर शाखेत होत्या. मीटर आणि किलोमीटर आले तेव्हा त्या कचेरीत तीन पिढ्यांचे जुने कागद पडून होते. कुणी शेत साखळीने मोजलेलं, कुणी वाराने, कुणी हाताने. आणि गावाच्या हद्दी तर सरळ कोसांत. ते सगळं नव्या मापात उतरवायचं, एवढंच त्या शाखेचं काम. पहिल्या मजल्याच्या टोकाला लांबट खोली, उत्तरेकडे खिडक्या, चार टेबलं, छतापर्यंत फडताळं, खळीचा आंबूस वास. भिंतीत दोन मीटरची पितळी पट्टी पक्की बसवलेली. पावसाळ्यात कागद फुगतो, लाकूड फुगतं, पितळेचा भरवसा जास्त, म्हणून.

त्या खोलीची कामाची रीत ठरलेली होती. एकाने आकडा जुन्या मापातून नव्यात न्यायचा, निळ्या शाईने. मग मूळ आकडा झाकून दुसऱ्याने तो नव्यातून जुन्यात परत आणायचा, काळ्या शाईने. गेलेला आकडा जसाच्या तसा घरी परत आला तरच शिक्का. पाव अंगुळ कमी आला तरी दोघांनी पुन्हा बसायचं. बाकीचे कारकून ही परतीची फेरी कंटाळत करायचे. वन्संना मात्र जाण्यापेक्षा येण्यातच गोडी. हात दुसऱ्याचा असो, मन आपलं, असं म्हणून त्या दुसऱ्याने आणलेला आकडासुद्धा एकदा स्वतः आणून बघायच्या. त्यामुळे सगळी कचेरी त्यांना परतीबाई म्हणायची. शिपाईसुद्धा. तोंडावर.

आणि चूक निघाली तर लाल चिठ्ठी. कुठल्याही तक्त्यात, कितीही वर्षांनी चूक सापडली, तरी त्या आकड्यावर लाल कागदाची पट्टी डकवायची. तिच्यावर बरोबर आकडा, तारीख आणि चुकलेल्या कारकुनाचं नाव. कागद जगेल तोवर ते नाव तिथे जगणार. शाखेतल्या प्रत्येकाच्या नावाच्या दोन-चार चिठ्ठ्या फडताळात होत्या. प्रमुखांच्या सात. परतीबाईंची चौतीस वर्षांत एकही नाही.

वहिनींना त्यांची एक गोष्ट विशेष आवडते, आणि पाहुण्यांना सांगायला वन्संनी मनाई केल्यामुळे त्या ती वन्सं झोपल्यावर सांगतात. एका गावाची हद्द जुन्या कागदात अशी लिहिली होती: विहिरीपासून पूर्वेला एक कोस. प्रमुख म्हणाले, कोस म्हणजे आठ हजार हात, पुस्तकात आहे, चार हजार वार लिहा आणि मोकळे व्हा. वन्सं म्हणाल्या, लोक दोन मैलांना कोस म्हणतात, म्हणजे तीन हजार पाचशे वीस वार. दोन्ही कोसांत चारशे ऐंशी वारांचा फरक. कागदावर तेवढ्याने काही बिघडत नाही, पण जमिनीवर तेवढ्यात शेजारच्या गावाची तीन शेतं बसतात. शब्दाला शब्द वाढला. शेवटी रविवारी वन्सं धाकट्या भावाला, म्हणजे वहिनींच्या यजमानांना, घेऊन, छत्री आणि डबा बरोबर बांधून, बस पकडून त्या गावी गेल्या. विहिरीशी उभं राहून पूर्वेला चालत सुटल्या, पावलं मोजत. हद्दीचा दगड गवतात लपलेला सापडला, दोन मैलांना वीस पावलं कमी असताना. सोमवारी त्यांनी प्रमुखांच्या टेबलावर कागद ठेवला. त्यावर इतकंच होतं: "हा कोस चाललेला आहे." त्या दिवसापासून शाखेच्या प्रत्येक तक्त्याच्या पहिल्या पानावर एक ओळ आली: येथे कोस म्हणजे दोन मैल.

निवृत्त व्हायला चार वर्षं उरली असताना शिक्षण खात्याकडून वेगळीच मागणी आली. शाळांतून लावायला एक कोष्टक हवं होतं. अंगुळ, वीत, हात, कोस, योजन इथपासून थेट प्रकाशवर्षापर्यंत, म्हणजे उजेड एका वर्षात जेवढा प्रवास करतो तिथपर्यंत. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही नातवंडांचं शास्त्र आपल्या मापात कळावं, असा हेतू. प्रमुख हसले. आकाशाची मोजणी कधी निघाली, म्हणाले, आणि कागद परतीबाईंकडे सरकवला. त्यांनी सात आठवडे घेतले. बारा पानं झाली. प्रत्येक आकडा दोनदा लिहिला, डावीकडे शब्दांत आणि उजवीकडे अंकांत. कारण त्यांचं म्हणणं असं की अंक कुरतडला तर कुणाला कळत नाही, शब्द कुरतडला तर लगेच कळतो. ते कोष्टक हे त्यांच्या नोकरीतलं शेवटचं मोठं काम.

आणि मंगळवारच्या टपालातलं पत्र त्या कोष्टकाबद्दलच होतं.

नव्या तारांगणात एक लांब ओवरी केली होती, 'कोसांची वाट' नावाची. चंद्र किती कोस, सूर्य किती कोस, असे उजेडाचे फलक. आकडे वन्संच्या कोष्टकातले, जुन्या दप्तरातून प्रत मिळवून घेतलेले. शनिवारी ओवरी लोकांसाठी उघडणार होती. पण एका निवृत्त प्राध्यापकांनी आधी येऊन पाहिलं आणि प्रकाशवर्षाचा आकडा चुकल्याचं दाखवून दिलं. पत्र संचालिकाबाईंचं होतं, भाषा मऊ होती. आकड्यात तीन शून्यं जास्त आहेत, असं लिहिलं होतं. कोष्टकातला मजकूर तपासला, चूक तिथलीच दिसते. फलकावर दुरुस्तीची पट्टी लावू आणि खाली 'जुन्या कोष्टकातील चूक दुरुस्त केली आहे' अशी ओळ घालू. आपण ते कोष्टक तयार केल्याचं कळलं, म्हणून आधी कळवत आहोत. येऊन पाहिलंत तर आनंद होईल.

"पट्टी कोणत्या रंगाची, ते लिहिलंय?" वन्संनी विचारलं.

लिहिलं होतं. फलक करणाऱ्या पाटीवाल्याकडे लालच होती. वहिनी पत्राची घडी घालायला लागल्या, आणि वन्संना तेवढ्यात कळलं.

मग वहिनींनी धीर द्यायला म्हटलं, की तुमच्या नावाला तसूभरही धक्का लागायचा नाही. वन्संनी विचारलं, तसू म्हणजे किती ते तरी ठाऊक आहे का. थोडंसं, वहिनी म्हणाल्या. "सोळा तसूंचा एक हात," वन्सं म्हणाल्या. "म्हणजे एक इंच आणि वर अष्टमांश. एवढा धक्का लागला तर तो थोडा नसतो." पण नेहमीची धार नव्हती त्या बोलण्यात.

चहा तेव्हाच अर्धा राहिला.

संध्याकाळी वन्सं खुर्चीत बसून मनातल्या मनात फेऱ्या मारत होत्या. पहिला संशय कोसाचा. त्यांनी पुस्तकातला मोठा कोस धरला असेल का? पण दोन्ही कोसांत सव्वापटीचासुद्धा फरक नाही, त्यातून तीन शून्यं कशी निघतील. मग चंद्र. एक लाख एकोणीस हजार कोस, त्याची तक्रार नाही. सूर्य, चार कोटी पासष्ट लाख, तोही बरोबर. शेवटच्या ग्रहापर्यंत, एक अब्ज चाळीस कोटी कोसांपर्यंत, सगळं ठीक. त्यापुढेच घोटाळा. "पुढचं पान करताना मी दमले होते का गं?" त्यांनी एकदम विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी असं काही विचारल्याचं वहिनींना आठवत नव्हतं.

वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि एक गोष्ट त्यांनी केली, जी डायरीत नाही. पत्रात कोष्टकातला मजकूर उतरवला होता: दोन महापद्म, नऊ निखर्व, तीन खर्व, नऊ अब्ज कोस. त्यांनी दुधाच्या कार्डाच्या पाठीवर तो अंकांत मांडून पाहिला. शंभर हजारांचा लाख, शंभर लाखांचा कोटी, शंभर कोटींचा अब्ज. म्हणून शंभर अब्जांचा खर्व, शंभर खर्वांचा निखर्व, शंभर निखर्वांचा महापद्म. बेरीज आली ती अगदी तारांगणाच्या फलकावरचीच. तीन शून्यं जास्त असलेली. वहिनींनी कार्ड फाडलं, तुकडे केराच्या डब्यात सालांच्या खाली घातले, आणि बाहेर येऊन म्हणाल्या की भाजी जरा अळणी झाली आहे.

बुधवारी सकाळी वन्संनी पत्र पुन्हा वाचायला लावलं. फलकावरचा आकडा एकेक अंक करून वाच, म्हणाल्या.

वहिनींनी वाचलं. "दोन. शून्य. नऊ. शून्य. तीन. शून्य. नऊ. आणि पुढे अब्ज."

"पुन्हा."

"दोन शून्य नऊ शून्य तीन शून्य नऊ."

वन्संनी मान तिरकी केली, कडेच्या नजरेने खिडकीकडे पाहिलं. "मला वाटत होतं शून्यं शेवटी वाढलीत," त्या म्हणाल्या. "ही तर मध्ये घुसलीत. प्रत्येक अंकानंतर एक. वहिनी, ही शून्यं माझी नाहीत. माझा आकडा दोन नऊ तीन नऊ."

पण ही शून्यं तिथे आली कशी, हे त्यांनाही कळेना. शिवाय सत्तावीस वर्षांपूर्वीचा आकडा एक्याऐंशीच्या बाईने आठवणीतून सांगावा आणि लोकांनी मानावा, हे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. कागद हवा. मूळ कोष्टकाला अंकांचा रकाना होता, पण तारांगणाकडच्या प्रतीत तो बांधणीत कापला गेला होता; पत्रातच तसं लिहिलं होतं. वन्संच्या घरच्या प्रती मागच्या वाळवीत गेल्या. आता कागद आणायचा कुठून?

वहिनी उठल्या आणि पलंगाखालची ट्रंक ओढली.

या ट्रंकेची वन्संनी आयुष्यभर चेष्टा केली होती. दूध-साबणाचा इतिहास, म्हणायच्या. अमक्या दिवशी दोरी तुटली, तमक्या दिवशी बादली गळली. पुढच्या पिढ्यांवर केवढे उपकार. आता त्या कान देऊन ट्रंकेचा आवाज ऐकत होत्या. वर्ष नक्की आठवत नव्हतं, पण जिन्याला लोखंडी कठडा बसवला तेव्हा कोष्टकाचं काम चालू होतं, हे दोघींनाही आठवत होतं. कठडा वहिनींना तिसऱ्याच डायरीत सापडला. त्यांनी उभ्यानेच वाचलं.

"रविवार, ७ जून. कठडा बसला, रंग उद्या. जेवणानंतर वन्सं आणि हे टेबलाशी बसून. एका प्रकाशवर्षाचे कोस वन्संनी नेले, ह्यांनी परत आणले. २९३९ अब्ज, वर ३१ कोटी. चार वाजता आकडा घरी परत आला. तोवर दूध उतू गेलं. शेगडी पुसली."

वहिनींना ती दुपार दिसत होती: टेबलाच्या दोन टोकांना बहीण आणि भाऊ, भावाने मूळ आकड्यावर पालथी घातलेली बशी, आणि चारच्या सुमाराला त्याने बशी उचलून टाळी वाजवली ती. वन्संना काय दिसत होतं कोण जाणे. त्यांनी हात पुढे केला, वहिनींनी डायरी त्यांच्या हातात दिली, आणि त्यांनी न दिसणाऱ्या त्या ओळीवरून बोट फिरवलं.

तेव्हा वहिनींना राहवलं नाही. काल स्वयंपाकघरात काय केलं ते त्यांनी सांगून टाकलं. दुधाचं कार्ड, शंभराने शंभराने चढलेली बेरीज, सालांखालचे तुकडे, सगळं. "वन्सं, या घरात येऊन पन्नासाच्या वर वर्षं झाली आणि मी खर्व म्हणजे शंभर अब्ज समजत होते. आमच्या शाळेत मिलियन-बिलियन होतं. विचारायची लाज वाटली, आणि पुढे विचारायचं राहिलंच."

वन्सं रागावतील असं त्यांना वाटलं होतं. वन्संनी खुर्चीच्या हातावर थाप मारली.

"शंभर? तू शंभर धरलेस?" त्या म्हणाल्या. "मग त्यांनीही तेच केलंय. अगं, तूच सापडवलंस."

चूक कशी झाली, ते आता लख्ख दिसत होतं. लाख, कोटी, अब्ज शंभराने चढतात, म्हणून पुढचंही सगळं शंभराने चढेल असं तारांगणातल्या कुणीतरी धरलं होतं. पण अब्जापुढे पायऱ्या दहाच्या आहेत. वन्सं लहानपणी जे घोकत मोठ्या झाल्या त्यात तसंच होतं, आणि जगात कुणाला हे ठाऊक नसेल, ही शंकासुद्धा त्यांना कधी आली नव्हती. कोसाची ओळ त्यांनी पहिल्या पानावर घातली होती, कारण कोसावर भांडण झालं होतं. खर्वावर कुणी भांडलं नाही, म्हणून त्याची ओळ राहिली. हे त्यांनी वहिनींना स्वतःच सांगितलं, आणि आवाज थोडा खाली गेला.

गुरुवारी दोघी तारांगणात गेल्या. वन्संनी कचेरीत नेसायच्या त्या कडक कॉटनच्या साडीची घडी मोडली. वहिनींनी डायरी पिशवीत घेतली, वर पाण्याची बाटली. रिक्षात बसताना वन्सं म्हणाल्या की डायरी बाटलीपासून लांब ठेव, आजपासून तिला भाव आलाय.

ओवरी खरंच सुंदर होती. दोन्ही बाजूंना काळ्या भिंती, त्यात उजळलेले फलक, जमिनीवर पावलांची चित्रं. टोकाच्या फलकाशी शिडी लावून पाटीवाला उभा होता, पिकल्या मिशांचा, कमरेला कात्री अडकवलेला. शिडीच्या पायरीवर लाल पट्टीची गुंडाळी. संचालिकाबाई तिशीच्या, बोलायला लाघवी. त्यांनी खुर्च्या मागवल्या, वन्संना फलकाजवळ हात धरून नेलं आणि मनापासून सांगितलं की इतक्या जुन्या कामात एखादी चूक राहणं साहजिक आहे, त्यात वाईट वाटून घेऊ नये.

वन्सं खुर्चीत बसल्या नाहीत. "मला एक करून दाखवता?" त्या म्हणाल्या. "एकंपासून म्हणत चला."

संचालिकाबाईंना गंमत वाटली. त्यांनी शाळेतल्या सुरात म्हणायला घेतलं. "एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज..."

"पुढे?"

"दशअब्ज."

"हे कुठे ऐकलंत?"

संचालिकाबाई थांबल्या. ऐकलं कुठेच नव्हतं. जिभेवर आपोआप आलं होतं. दशसहस्र आहे, दशलक्ष आहे, दशकोटी आहे, मग दशअब्ज असणारच, असं वाटून. तेवढ्यात वरून आवाज आला. पाटीवाला शिडीवरून, हातातलं काम न थांबवता, म्हणत होता: "अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध." एका दमात. मग खाली पाहून म्हणाला, "आमच्या आजोबांनी छडी घेऊन पाठ करून घेतलं होतं, बाई. कधी उपयोग होईल वाटलं नव्हतं."

"दशअब्ज नाहीच," वन्सं म्हणाल्या, "कारण दहा अब्ज म्हणजेच खर्व. दहा खर्वांचा निखर्व, दहा निखर्वांचा महापद्म. तुम्ही शंभराने चढलात, म्हणून प्रत्येक पायरीला एक शून्य आत आलं. ती तीन काढा आणि काय राहतं ते वाचा."

संचालिकाबाईंनी खिशातून पेन काढलं आणि तळहातावरच लिहिलं. तीन शून्यांवर काट मारली. दोन नऊ तीन नऊ. त्यांनी मोबाईल काढला, मैलांतून हिशोब केला, निम्मे केले. मग वहिनींनी पुढे केलेली डायरी वाचली, दूध उतू गेल्यापर्यंत सगळी, आणि पुन्हा आपल्या तळहाताकडे पाहिलं. हुशार बाई होत्या. चेहऱ्यावर लाजेपेक्षा आनंदच जास्त आला.

"माफ करा," त्या म्हणाल्या. "चूक आमची. कोष्टक बरोबर आहे."

"कोष्टकात एक कमी आहे," वन्सं म्हणाल्या. "खर्व म्हणजे दहा अब्ज, ही ओळ पहिल्या पानावर घालायला हवी होती. सगळ्यांना माहीतच असेल, असं मी धरलं. तेवढं माझ्याकडे." आणि त्यांनी ती ओळ तिथेच सांगितली, संचालिकाबाईंनी लिहून घेतली. फलक नवा करून शनिवारी ती ओळ सगळ्यात वर येणार होती, आकड्याच्याही वर.

मग संचालिकाबाईंनी विचारलं की खाली आपलं नाव घालू का. कोष्टक अमक्यांनी तयार केलं, असं. लोकांना कळायला हवं.

वन्संनी मान तिरकी करून त्यांना कडेच्या नजरेत पकडलं. वहिनींनी आयुष्यात त्यांना इतकं उंच उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. साडेतीन हातांच्या मापात बसणार नाही, इतकं.

"आमच्या शाखेत नाव फक्त लाल चिठ्ठीवर यायचं," त्या म्हणाल्या. "माझं कुठेही आलेलं नाही. तसंच राहू द्या."

पाटीवाल्याने शिडीवरून उतरून लाल पट्टीची गुंडाळी उचलली, तिच्याकडे पाहिलं, आणि आता हिचं काय करू, असं विचारल्यासारखं वहिनींपुढे धरली. वहिनींनी ती घेतली आणि पिशवीत टाकली, डायरीच्या शेजारी.

परतताना रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा वन्सं म्हणाल्या की तो पाटीवाला आमच्या शाखेत हवा होता. पुढच्या सिग्नलला म्हणाल्या, तूसुद्धा. वहिनींनी ऐकू न आल्यासारखं केलं, म्हणजे पुन्हा म्हणतील म्हणून. वन्संनी पुन्हा म्हटलं नाही. घरी आल्यावर मात्र त्यांनी चहा मागितला आणि कप रिकामा करून स्वतः मोरीत नेऊन ठेवला, वाटेत एकदा टेबलाला धडकून.

संध्याकाळी वहिनींनी डायरी उघडली. लिहायला पुष्कळ होतं. ओवरी होती, शिडी होती, संचालिकाबाईंच्या तळहातावरची काट होती, आणि वन्संचं ते वाक्य तर होतंच. वहिनींचं पेन बराच वेळ कागदापासून वीतभर वर राहिलं. मग सिस्टरनी शिकवलं होतं तसं त्यांनी देवाला सांगायचं ते देवाला सांगितलं, आणि पानावर लिहिलं:

गुरुवार, १३ फेब्रुवारी. वन्संबरोबर तारांगणात जाऊन आले. येताना पाव आणला. लाल पट्टी साखरेच्या डब्याच्या झाकणाला आतून लावली. झाकण आता घट्ट बसतं.